गव्हातल्या गोळ्यांचा वास

पोळा, दसरा आणि काल: तीनदा तक्रार केली. जबाबदार: गोदामाचे मालक आणि परवानगी देणारे सरपंच. गव्हातल्या कीडनाशक गोळ्यांचा लसणासारखा वास शेजारच्या अंगणवाडीत येतो. तो केवळ मलाच येतो, म्हणून कोणी नोंद घेत नाही.

माझ्या लहानपणी दादाने धाड गावच्या बाजारातून अशाच गोळ्या आणून घरातल्या गव्हाच्या खोलीत ठेवल्या आणि दुपारी तो तिथेच पोत्यांवर निजला. मी दारातच थबकलो.

“दादा, इथं वास येऊन राह्यला.”

“तुले तं पाण्याचाबी वास येते बे,” तो हसला आणि त्याने दार लोटले.

दिवेलागणीला आईने हाका मारल्या. दादा उठला नाही.

काल त्याच वासात अंगणवाडीतली मुले निजलेली पाहिली. सरपंचांनी ग्रामसभेत उत्तर द्यावे: माझे नाक खोटे असेल, तर उद्या आपल्या नातवाला तिथे निजवाल काय?