आईच्या गुडघ्याच्या उंचीची चासी

आमच्या वस्तीवर दिवाळी संपायची ती ट्रॅक्टरच्या आवाजाने. मुकादम दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर घेऊन यायचा आणि अर्धी वस्ती ऊसतोडीला जायला त्यात चढायची. आधी सामान चढायचं. कोपीचे, म्हणजे फडावरच्या झोपडीचे, बांबू, चटया, पत्र्याची पेटी, ज्वारीची पोती, पाण्याचे ड्रम, पायांना दोरी बांधलेल्या कोंबड्या. त्या सगळ्याच्या वर माणसं. आई आणि वडील मिळून एक कोयता धरला जायचा, म्हणजे दोन माणसं मोजताना एकच. मी मोजणीत नव्हतेच. ऊस जिथे असेल त्या कारखान्यापर्यंत रात्र जायची, दिवस जायचा. वळणावर मागची ट्रॉली पुढचीपेक्षा जास्त फेकली जायची, आणि आमची जागा बहुतेक मागचीतच असायची. आई माझ्या फ्रॉकची कड आपल्या पदराला गाठ मारून झोपायची. झोपायची म्हणजे डोळे मिटायची.

पाचवीला मला वसतिगृहात ठेवलं आणि माझा तो प्रवास थांबला. त्यांचा चालू राहिला. पुढे मी सरकारी कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनियर झाले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. हे मी मिरवूनच सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे. आज मी सिंगापूरला तुआसमध्ये जहाजाचे अवजड भाग उचलायच्या चौकटी डिझाइन करते. किती वजनाला किती लोखंड लागतं, हेच माझं काम.

वडील गेल्यावर आई वर्षातून एकदा आमच्याकडे येऊ लागली. बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये ती आठव्या मजल्याच्या खिडकीशी बसून राहायची. कुठे जाऊ या म्हटलं की तिचा एकच प्रश्न.

"काय काम हाय तिथं?"

"काम नाही गं. नुसतं बघायला."

"मग कशाला उगं जायाचं?"

सुरुवातीला मी हसायचे. मग माझ्या लक्षात आलं की ती खरंच विचारतेय. आयुष्यात ती जेव्हा जेव्हा गाव सोडून निघाली, तेव्हा दुसऱ्या टोकाला काम होतं. बिनकामाचा प्रवास तिला माहीतच नव्हता. एकदा पुलाउ उबीन बेटावर नेलं, तर बोटीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "झालं बघून. चला."

मला तिला रस्त्याने हिंडवायचं होतं. थांबत, झोपत, मन होईल तिथे वळत. हॉटेलात तिला झोप लागत नाही. अनोळखी लोकांच्या गादीवर ती कडेला अंग चोरून पडते. तेव्हा माझ्या नवऱ्याने एक व्हिडिओ दाखवला. पाण्याच्या आडव्या थेंबासारखी दिसणारी लहानशी लाकडी खोली, ट्रेलरवर बसवलेली. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण उचललं की ओटा. टिअरड्रॉप म्हणतात त्याला. नवरा पुण्याचा, आयटीतला. त्याने आयुष्यात एकदाही वेल्डिंगचा चष्मा घातलेला नाही. म्हणाला, "हे तर तू डोळे मिटून करशील."

आमच्या वर्कशॉपमधला माझा एक सहकारी रोज सीमेपलीकडच्या, मलेशियातल्या जोहोरहून येतो. तिथे त्याच्या वडिलांचं मोठं आवार आहे आणि त्याच्याकडे पिकअप गाडी आहे. गाडा तिथेच बांधायचा, तिथेच ठेवायचा आणि मलेशियातच फिरवायचा, असं ठरलं. नोंदणी, तपासणी त्याने अंगावर घेतली. बदल्यात सुट्टीत त्याच्या कुटुंबालाही गाडा वापरायला मिळणार होता. आता आधी चासी निवडायची. वरची खोली पुढे कितीही बदलता येते. खालचा सांगाडा चुकला की सगळंच चुकतं.

जोहोरच्या त्या आवारात तीन सांगाडे समोर होते. एक सुट्या भागांचा, नट-बोल्टने जोडायचा. इतका हलका की दोघांनी उचलून भिंतीला टेकवावा. दुसरा जुना, मोटारसायकली वाहून न्यायचा, नळीच्या लोखंडाचा, गाडीला जोडायची दांडी लांब असलेला. आणि तिसरा बांधकामाचा माल वाहणारा. जाड चॅनेल, एकावर एक पाट्यांची भक्कम स्प्रिंग, मोठाली चाकं, तिन्ही बाजूंना पत्र्याच्या फळ्या. मी तिसऱ्याभोवती एक चक्कर मारली, चॅनेलवर चापट मारली आणि म्हणाले, "हाच."

सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "बॉस, यू वाँट टू कॅरी एलिफंट?"

"मजबूत पाहिजे."

"स्ट्राँग ओके लाह," तो इथल्या सवयीचा 'लाह' लावून म्हणाला. "बट टू मच ऑल्सो नो गुड."

नवऱ्याचं म्हणणंही तेच होतं. "दोन बायका आणि एक गादी जाणार आहे त्यावर. ऊस नाही भरायचाय!"

मी त्याला गप्प केलं. आकडे मला कळत होते. प्लायवूडची खोली, गादी, पाण्याची टाकी, आम्ही दोघी, सगळं मिळून त्या चासीच्या ताकदीचा लहानसा तुकडा भरत होता. हे तुआसमध्ये कोणी नवख्याने मला दाखवलं असतं, तर मी त्याला ड्रॉइंग नव्याने करायला लावलं असतं. पण लहानपणी मी एक अॅक्सल तुटलेला पाहिला आहे. ट्रॉली रस्त्यात बसली, सगळी माणसं भर उन्हात बांधावर बसली, आणि मुकादम आमच्यावरच ओरडत होता. तेव्हापासून माझ्या हाताला जाड लोखंडच बरं वाटतं. मी सांगून टाकलं, तिसरा ठेवा माझ्यासाठी.

तरी मनाची खात्री म्हणून एका रविवारी एक प्रयोग केला. आवारातली वाट खडबडीत होती. चासीवर प्लायवूड टाकलं, बांधलं, वर काठोकाठ पाण्याच्या बादल्या ठेवल्या आणि पिकअपने माणसाच्या चालीने एक फेरी मारली. आईलाही मी मुद्दाम आणलं होतं. तिने आपलं घर बघावं अशी माझी हौस.

बादल्या परत आल्या तेव्हा निम्म्या रिकाम्या होत्या. स्प्रिंगच्या त्या पाट्यांना हलायला टनाने वजन लागत होतं. तेवढं नव्हतं, म्हणून प्रत्येक खड्डा जसाच्या तसा वर येत होता. मी वाकून बघत होते. आई मागे उभी होती.

"ही तर आपली ट्रॉली," ती म्हणाली.

"ट्रॉली नाही गं. यावर खोली बसणार आहे. खिडकी, गादी, पंखा."

"तू गादी टाक, न्हाय तर पलंग टाक. ही ट्रॉलीच हाय." तिने पत्र्याच्या फळीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "चाकावर झोपायचे दिस सरावेत म्हणून तुला शिकिवलं, बाई. आन् तू शिकून पुन्हा हेच आणलंस?"

ती गाडीत जाऊन बसली. निघताना काच खाली करून तिने विचारलं, "हे माणसांसाठी हाय का मालासाठी?"

परतीच्या वाटेवर इमिग्रेशनच्या रांगेत मी दोघींचे पासपोर्ट हातात धरून उभी होते. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मला आवडत नव्हतं. मी चासी निवडली होती ती मालासाठीच. ती तुटू नये, एवढाच विचार मी केला होता. वरच्या माणसाला कसं वाटेल, हा प्रश्न मी डिझाइनमध्ये घेतलाच नव्हता, कारण आमच्या ट्रॉलीत तो प्रश्न कधी कोणी घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी सहकाऱ्याला सांगितलं, तिसरा नको.

"थँक गॉड लाह," तो म्हणाला. "मोटारसायकलवाला?"

"आधी आईला विचारते."

मी आईला गाडा हवा का असं विचारलं नाही. विचारलं, असा गाडा असलाच, तर त्यात काय हवं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "टायरवर पाय देऊन मी चढणार न्हाय. गुडघे गेले माझे त्याच्यात." मग थोड्या वेळाने, "दार पाहिजे. आतून कडी." आणि शेवटी जरा हळू, "उठून बसता आलं पाहिजे. नवरी बसती तसं, ताठ."

कडी आणि छताची उंची खोलीची गोष्ट. पण चढणं हे चासीचं होतं. त्या संध्याकाळी आम्ही बेडोकच्या हॉकर सेंटरला जेवायला गेलो. आई तिथल्या गोल स्टुलावर हात न टेकता बसली आणि हात न टेकता उठली. मी पर्समधून टेप काढला आणि त्या स्टुलाची उंची घ्यायला टेबलाखाली वाकले.

"अगं, लोक बघतायत," नवरा पुटपुटला.

शेजारच्या टेबलावरच्या आंटीने खरोखरच विचारलं, "मेझर फॉर व्हॉट, आह?"

"फॉर माय मदर," मी म्हणाले. तिने आईकडे, मग स्टुलाकडे पाहिलं आणि मान डोलावली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

माझी मुलगी म्हणाली, "आई, सो एम्बॅरसिंग लाह." तिच्या आजीने विचारलं, काय म्हणते ही? नवऱ्याने सांगितलं, "आजीची गादी किती उंच करायची ते मोजतोय म्हणते." आई पहिल्यांदा हसली. "मग नीट मोज म्हणावं. चुकलीस तर मी न्हाय बसणार."

आता निवड सोपी झाली. हलक्या नट-बोल्टवाल्याची उंची बरोबर होती, पण दांडी आखूड होती. आखूड दांडीचा ट्रेलर मागे घेताना पटकन दुमडतो आणि रस्त्यावर जास्त डुलतो. मागच्या ट्रॉलीचं ते डुलणं आईला पिकअपमधून मागे वळूनही पुन्हा दिसायला नको होतं. मोटारसायकलवाल्याची दांडी लांब, लोखंड बेताचं, पण तो चार बोटं उंच होता. आम्ही त्याच्या अॅक्सलची बैठक बदलली, सांगाडा खाली घेतला, स्प्रिंगमधले दोन पाटे काढले. मग पुन्हा प्लायवूड, पुन्हा बादल्या, तीच वाट. पाणी थोडं काठावरून सांडलं, बाकी जागच्या जागी. दांडीवर किती वजन यावं, चाकं किती मागे असावीत, हे सगळं मी नीट मांडलं, जसं तुआसमध्ये मांडते. फक्त या वेळी मांडणीच्या सुरुवातीला वजन नव्हतं, माणूस होतं.

खोली बांधायला पुढचं जवळजवळ वर्ष गेलं. दर रविवारी सीमा ओलांडायची, सहकाऱ्याच्या आईच्या हातचा नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, खायचा, मग करवत. प्लायवूडच्या कडा दोनदा फुगल्या. इथल्या दमट हवेने मला रंगाबद्दल बरंच शिकवलं. गोल छताचा पत्रा बसवताना नवऱ्याने बोट कापून घेतलं आणि तो जखमेचं कौतुक ऑफिसात महिनाभर करत होता.

आई पुन्हा आली तेव्हा गाडा तयार होता. तिने बाहेरून एक फेरी मारली, दार उघडलं, पाठ वळवली आणि काठावर बसली. हात न टेकता. मग पाय आत घेतले आणि मांडी घालून ताठ बसली. डोक्यावर वीतभर जागा उरली.

"बरं हाय," ती म्हणाली.

मग आम्ही निघालो. सहकारी आणि नवरा पुढे पिकअपमध्ये, गाडी चालू असताना आम्ही दोघीही तिथेच, आणि थांबलो की गाडा आमचा. पहिल्या मुक्कामाला समुद्रकाठच्या एका गावी दुपारी जेवण झाल्यावर आई आत गेली आणि झोपली. मी बाहेर खुर्चीवर बसून होते. दोन तासांनी ती उठली, तोंडावर पाणी मारलं, आणि लांब रस्त्याकडे बघत विचारलं, "इथून म्होरं कोणतं गाव हाय?"

तिथे काय काम आहे, हे तिने विचारलं नाही.

आम्ही पुढच्या गावी गेलो, मग त्याच्या पुढच्या. परत आलो तेव्हा आईने त्या किनाऱ्यावरची चार गावं पाहिली होती, आणि त्यातल्या एकाही गावात ती कामासाठी गेली नव्हती.