काकांची चोऱ्यांची वही

आमच्या पेठेत वर्षभरात चोऱ्या दुपटीने वाढल्या, असं मी एकदा पेपरात छापून आणलं. त्या वाढल्या नव्हत्या. कमी झाल्या होत्या. इतकी सरळ गोष्ट उलटी वाचायला जे शिक्षण लागतं, ते माझ्याकडे भरपूर होतं. आणि ज्यांच्या वहीतून मी हा शोध लावला ते आमच्या खालच्या मजल्यावरचे बुकबाइंडर काका म्हणजे चोरांचा जन्मभर मनापासून अभ्यास करून एकही चोर न पकडलेला पुण्यातला एकमेव माणूस.

काका मुसलमान. त्यांच्या आजोबांपासून घराणं याच पेठेत, याच गल्लीत कागद शिवत बसलेलं. मी नवा भाडेकरू म्हणून आलो तेव्हा शेजारधर्म दाखवायला खाली उतरलो आणि दुकानाच्या फळीशी उभा राहून म्हणालो, "चाचा, आप कैसा है? हम ऊपर रहने को आया." काकांनी सुईत दोरा ओवून घेतला आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी बरा आहे. तुमच्या हिंदीला काही लागलंय का? आणि काका म्हणालात तरी चालेल, मराठी कळतं मला." त्या दिवसापासून मी त्यांना काका म्हणू लागलो आणि हिंदी सोडली. काका आणि हिंदी, दोघांचंही भलं झालं.

काकांकडे कचेऱ्यांची रजिस्टरं बांधणीला यायची. बांधणीतून उरलेल्या कागदांची ते स्वतःसाठी वर्षाला एक वही शिवत. कापडी पाठ, चामड्याचे कोपरे, आत हाताने आखलेले रकाने. कचेरीच्या रजिस्टरापेक्षा ही वही देखणी का, असं मी विचारलं तर म्हणाले, "हिच्यात खरं लिहायचं असतं." पेठेत चोरी झाली की त्या वहीत एक ओळ पडे. तारीख, काय गेलं, कुठून गेलं, मालकाची चूक कोणती, आणि सगळ्यात शेवटी, चौकीत लिहून घेतलं का. बातमी कानावर आली की काका वही काखेत मारून त्या घरी जात. आपण दुखवट्याला जातो तसे. फरक इतकाच की आपण गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलतो आणि काका पहिल्यांदा कुलपाची चौकशी करत. पलीकडच्या वहिनींचा तांब्याचा बंब गेला, त्या पदर डोळ्यांना लावून बसलेल्या, आणि काका म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. या महिन्यात बंबच जातायत. तुमच्यावर वैयक्तिक राग नाही." वहिनी रडायच्या थांबल्या. पुढे महिनाभर बोलल्याही नाहीत, ते वेगळं.

शहर ओळखायचं तर त्याचे चोर काय नेतात ते बघावं, असं काकांचं मत होतं आणि ते वह्या उघडून सिद्ध करून दाखवत. जुन्या वह्यांमध्ये हंडे, घंगाळी, वाळत घातलेली धोतरं आणि सायकली. मग धोतरं जायची बंद झाली, कारण नेसणारेच संपत आले. मग ट्रान्झिस्टर आले. ज्या दिवशी पेठेतला पहिला प्रेशर कुकर चोरीला गेला त्या दिवशी काका त्या घरी जाऊन "सुधारणा आली बरं का आपल्याकडे," असं म्हणून आले आणि चहा न घेता परतले, कारण कुणी विचारलाच नाही. मे महिन्यात मंडळी गावाला निघाली की काका बोळाच्या तोंडाशी उभे राहून "परत कधी?" असं विचारत, आणि वर सांगत, "तुमच्या घरासाठी एक ओळ सोडून ठेवलीय." लोक घाबरत. एकाने तर तिकिटं परत केली. पण मी वरच्या खिडकीतून पाहिलेलं आहे, की ओळ सोडलेल्या प्रत्येक घराच्या कुलपाला काका दिवसातून दोनदा हात लावून येत. त्या ओळी बहुतेक कोऱ्याच राहत, आणि कोऱ्या राहिल्या की काका त्यांवर तिरकी रेघ मारून खूश होत.

त्यांची स्वतःची सायकल गेली ती तर त्यांच्या डोळ्यांदेखत. चोर टांग टाकून बसला, काकांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, वही उघडली, वेळ लिहिली आणि मग उठले. तोवर सायकल कोपऱ्यावरून वळली होती. मी म्हणालो, "अहो काका, ओरडायचं नाही का?"

"ओरडलो असतो तर वेळ चुकली असती."

'मालकाची चूक' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं : कुलूप लावलेलं नव्हतं, मालक गाढव.

आता माझा पराक्रम. त्या काळात मी एका लहानशा सायंदैनिकात फुटकळ लिहीत असे आणि स्वतःला वार्ताहर म्हणवून घेत असे. पेठेतल्या गुन्हेगारीचा आढावा घ्यावा असं डोक्यात आलं आणि काकांकडे वह्या मागितल्या. काकांनी दिल्या. म्हणाले, "सगळे रकाने वाचा." मी एकच वाचला. घरोघरी ऐकलेल्या चोऱ्या कशाला मोजायच्या, ज्या चौकीत लिहिल्या गेल्या त्याच खऱ्या, असा सुशिक्षित विचार करून मी फक्त शेवटच्या रकान्यातले 'हो' मोजले. मागच्या वर्षापेक्षा दुप्पट निघाले. मथळा मीच दिला. मथळ्याला उद्गारचिन्हही मीच दिलं.

चौथ्या दिवशी सकाळी एक धिप्पाड हवालदार सायकल भिंतीला टेकवून वर आले. लोणी काळभोरकडचे, वर्षभरापूर्वी आमच्या चौकीत आलेले. "चोऱ्या दुप्पट करनारे तुमीच का?" म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरलो. "आवो, माज्या आधी चौकीत कुनी गेलं का म्हनायचे, घरातच बघा, सांजच्याला मिळंल. मी आल्यापास्नं एकेक लिहून घेतो. चप्पल गेली तरी लिहितो. आन् आता साहेब म्हनत्यात, तुझ्या काळात गुन्हे वाढले. बदली हाय. सेवापुस्तकात शेरा बी मारनार हायेत. बावीस वर्सं झाली, डाग नाय पुस्तकावर."

मी त्यांना घेऊन खाली गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हातातलं काम असं थांबलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. "शेरा लिहून झालाय?"

"उंद्या लिहिनार म्हनं."

"सेवापुस्तकं मी शिवतो," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "त्यातलं पान फाडता येत नाही, अशी शिवतो. उठा."

तीन वर्षांच्या वह्या फडक्यात बांधून आम्ही साहेबांच्या कचेरीत गेलो. मी वाटेत एक भाषण तयार केलं होतं, त्यात 'सद्हेतू' हा शब्द तीनदा होता. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" आणि काका म्हणाले, "बातमी यांची. माणूस सज्जन आहे, मोजता येत नाही." माझं भाषण तिथेच संपलं.

"आणि तुमचा या प्रकरणाशी संबंध?"

"रजिस्टरं शिवतो." काकांनी वह्या ओळीने उघडून ठेवल्या. "लोकांचं काय गेलं ते इथे. तुमच्या माणसाने लिहून घेतलं का ते इथे. आधी हा रकाना भरलेला आणि हा रिकामा. हे हवालदार आल्यावर दुसरा भरत गेला. मग हळूहळू पहिला ओसरायला लागला. लिहिलं की शोधावं लागतं ना, साहेब."

साहेब पानं उलटत राहिले. "म्हणजे आधीच्या माणसाच्या काळात..."

"आधीच्या माणसाच्या काळात चोऱ्या होतच नव्हत्या. लोकांच्या वस्तू तेवढ्या जात होत्या."

साहेब हसले नाहीत. एक वही त्यांनी शेवटपर्यंत वाचली, मालकांच्या चुकांसकट. शेरा लिहिला गेला नाही. बदलीचा कागद मात्र आधीच निघालेला होता, तो माघारी आला नाही. महिन्याच्या आत हवालदार दुसऱ्या चौकीत गेले, तिथेही लिहीत राहिले असं कळलं. आमच्या चौकीत पुन्हा "घरातच बघा" सुरू झालं. मी चूक कबूल करणारा मजकूर छापला, तो आतल्या पानावर, पंचांगाच्या खाली आला. काकांनी तो वाचून घडी घातली आणि पुन्हा विषय काढला नाही. फक्त त्या वर्षाच्या वहीत शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहिताना ते जरा वेळ थांबत, एवढं मला वरच्या खिडकीतून दिसायचं, आणि मी खिडकीतून बाजूला व्हायचो.

या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. पेठेत आता सायकल शोधावी लागते. काकांनी मध्यंतरी गळ्यातल्या साखळ्या लिहिल्या, मग मोबाइल लिहिले, आणि आता फोनवरून कुणी गोड बोलून पैसे काढून नेले की "कुठून गेलं" या रकान्यात काय घालावं या विचारात असतात. विचारातच, कारण मोतीबिंदूनंतर डोळ्यांनी दगा दिला, ओळ धरता येत नाही. निवृत्त झालेले हवालदार दर रविवारी बसने लोणीहून येतात, फळीवर मांडी घालून बसतात, काका सांगतात आणि ते लिहितात. हवालदारांचं अक्षर अजून चौकीतलंच आहे, टपोरं, कुणालाही वाचता येईल असं. एक आठवडा लिहून झाला की काका पानावरून बोटं फिरवतात, शाई वाळली का ते बघतात, आणि वही मिटतात.

गेल्या रविवारी हवालदारांना बसमधून उतरून गुडघा धरत चालताना पाहिलं आणि मला राहवलं नाही. खाली जाऊन म्हणालो, "काका, यांना एवढ्या लांबून कशाला त्रास? मी वरच तर राहतो. रोज लिहीत जाईन मी."

काकांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. हवालदारांनी वही माझ्या हातापासून अलगद पलीकडे सरकवली.

"तुमी नगा लिहू, सायेब," ते म्हणाले. "त्यापरीस चोर परवडले."