मी रचलेली अफवा

राजकारणातल्या अफवा लोकांना खऱ्या का वाटतात आणि त्या खोडायच्या कशा, यावर मी दौंडच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता संशोधन करतो. शिरूर-दौंडकडच्या गावांत जायचं, लोकांना बातम्या वाचून दाखवायच्या, काही खऱ्या, काही मी रचलेल्या, आणि पटतं का ते विचारायचं. खोट्या कुठल्या, ते सांगितल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम.

नियम मी परक्यांसाठी पाळला. पहिली चाचणी मात्र सणसवाडीला मावशीवर करून पाहिली. घरचंच माणूस. तिच्या घरामागं भाड्याच्या खोल्या आहेत, म्हणून खास तिच्यासाठी एक वाक्य रचलं: भाडेकरूंची नावं त्या पत्त्यावर मतदार यादीत चढली, की घरमालकांची कटणार.

मावशी शेंगा निवडायची थांबली. "व्हय? मला वाटलंच हुतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बस गाठायची होती, असं मी बरेच दिवस मनाशी म्हणत आलो. खरं असं, की तिचा चेहरा बघून मला आनंद झाला. वाक्य चाललं होतं.

पुढं ते नातेवाइकांच्या ग्रुपवरून माझ्याच मोबाइलवर आलं. खाली जोडलेलं: 'कॉलेजच्या सरांनी सांगितले आहे.' मावशीनं शेवटच्या खोलीतल्या बिहारी जोडप्याला खोली सोडायला सांगितल्याचंही कळलं. तो कंपनीत कंत्राटावर, बायकोचे दिवस भरत आलेले.

मी तडक गेलो. "मावशी, ते खोटं आहे. मीच बनवलेलं."

"तू कशाला बनवशील? आन् त्यो शेवटच्या खोलीतला लाइट बिलाची झेरॉक्स मागत हुता, त्ये?"

"बँकेत खातं काढायला, पत्त्याचा पुरावा म्हणून मागितली असेल. अगं, लोक फसतात का, ते बघायला मी रचलं."

"म्हंजी मला फसवलंस?"

"हो."

तिनं दाराबाहेर नजर टाकली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुणी दम दिला का रं तुला? नोकरीचं काय म्हणलं का?"

"नाही गं!"

"नको सांगू. लेकरंबाळं हायती तुला. जेवून जा."

घरी येऊन मी ग्रुपवर सगळं कबूल केलं, माफी मागितली. एका चुलतभावानं लिहिलं, 'सर, तुमची मजबुरी समजते.' दुसऱ्या दिवशी अफवा पुन्हा फिरली, आता माझ्या माफीसकट: बघा, सरांनाही गप्प केलं.

अफवा विश्वासातल्या माणसानं खोडावी, असं मी वर्गात शिकवतो. मावशीचा माझ्यावर विश्वास आहेच. मी खोटं बोलणारच नाही, एवढा आहे. तिथंच मी अडकलो.

खोली रिकामी करायच्या दिवशीही गेलो. दारात टेम्पो उभा. बायको भांड्यांच्या पोत्याला टेकून बसलेली. तो जवळ आला. "सरजी, आंटी आपकी बात मानती हैं. एक बार बोलिए ना. बस डिलिवरी तक."

मावशी ओट्यावरून बघत होती. राग नव्हता, माझी काळजी होती. मी तोंड उघडलं असतं, तर दम देणाऱ्यांनी याला आता इथवर पाठवलाय, असंच तिला वाटलं असतं. निदान मी तशी समजूत करून घेतली. पुढं होऊन खाटेचं एक टोक उचललं.

"आरं, कंबर सांभाळ," मावशी ओरडली.