चार्टमागची बाई

"मॅडम, चार्ट जरा वर घ्या. चेहऱ्यापर्यंत."

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पाचवीच्या भरल्या वर्गात मला हे म्हणाल्या. मागच्या खुर्च्यांवर शिक्षण खात्याचे पाहुणे बसले होते. मी चार्ट वर घेतला. आता मला कोणी दिसेना, मी कोणाला दिसेना. फळ्याशेजारी खिळा होता. रोज मी त्याच खिळ्याला चार्ट टांगायची. त्या दिवशी खिळा रिकामा ठेवला आणि खिळ्याच्या जागी मला उभं केलं.

आणि धडा माझा होता.

राज्य नवं, राजधानी नवी. रायपुरात रोज कोणी ना कोणी साहेब शाळा पाहायला निघायचे. आमची शाळा तात्यापाऱ्यातली, जुन्या मराठी घराण्यांची. शिकवणं हिंदीतून, मिरवणं मराठीतून. वाचनाच्या प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचं हा प्रश्न आला, तेव्हा भर उन्हात जायला कोणी तयार होईना. म्हणून मला पाठवलं. तिथे मी जे शिकले त्याने मला झपाटलं. चौथी-पाचवीच्या मुलांना नुसतं वाचता येऊन भागत नाही. मजकूर कसा रचलाय, ते दिसायला हवं. कुठे आधी-नंतर आहे, कुठे तुलना, कुठे कारण आणि परिणाम, कुठे अडचण आणि उपाय. कुठे नुसतं वर्णन. आणि ही रचना आभाळातून पडत नाही. लिहिणारा ती निवडतो.

मी परिच्छेदाची वाक्यं कापायची, जमिनीवर उलटीसुलटी पसरायची. चीला, म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, कसा करतात, याची वाक्यं दिली तर पोरं एकमेकांवर ओरडायची, "अरे, तवा गरम नहीं किया, घोल पहले डाल दिया!" जवळच्या अभनपूर गावचा बाजार आणि आपला बाजार यांची तुलना करताना तर भांडणंच व्हायची. शेवटी एक प्रश्न मी नेहमी विचारायची. लिहिणाऱ्याने काय लिहिलं नाही? सुरुवातीला मुलं माझ्याकडे बघत बसायची. मग त्यांना चटक लागली. पाचवीचा तास हाच माझ्या दिवसातला बोलण्याचा तास होता.

कारण बाकी शाळेत मी एकटीच होते. उगाच सांगत नाही. सगळ्या शिक्षिका एकमेकींना ताई म्हणायच्या. सुनीताताई, अंजूताई. मी एकटी मॅडम. बाहेरच्याला वाटावं केवढा मान आहे! आम्ही बौद्ध. बाबा भंडाऱ्याकडून रेल्वेत गँगमन म्हणून आलेले. माझं आडनाव हजेरीपटावर चढलं त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी पोचायच्या आत सगळ्यांचे डबे खाऊन झालेले असायचे. कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. माझं मले-तुले तेवढं त्यांना खुपायचं. "शाळेत जरा शुद्ध बोला," मोठ्या बाई सांगायच्या. त्यांचा स्वतःचा नातू त्यांना हिंदीतून उत्तर द्यायचा, ते चालायचं.

तर पाहुणे येणार होते आणि त्यांना हाच धडा पाहायचा होता. मी आठवडाभर तयारी केली. तलाव का आटला, यावरचा परिच्छेद निवडला. नवी साडी इस्त्री केली. सकाळी शाळेत पोचले तर मोठ्या बाई दारातच.

"धडा सुनीता घेईल. तिचं बोलणं स्वच्छ आहे. तुम्ही मदतीला राहा."

"पण मोठ्या बाई, मुलांना माझी सवय आहे."

"मुलांना कोणाचीही सवय होते."

परिच्छेदही बदलला होता. पाहुण्यांना स्वच्छतेचा विषय आवडेल म्हणे. नवा चार्ट गुंडाळलेलाच माझ्या हातात दिला. वर्गात मी तो उलगडला तो लिहिलेली बाजू मुलांकडे करून. माझ्याकडे कोरी बाजू. त्यावर काय लिहिलंय ते मला सुनीताताईंनी मोठ्याने वाचलं तेव्हा कळलं.

"तालाब के उस पार एक बस्ती है। वहाँ के लोग गंदे रहते हैं। उनके बच्चे रोज़ नहाते नहीं। घरों के आसपास कचरा पड़ा रहता है।"

माझे कान तापले. वर्गात तलावापलीकडच्या त्याच पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली, एक मुलगी होती. फुलेश्वरी. वह्या नेहमी पदरासारख्या छातीशी धरणारी, प्रश्नाला आधी हात वर करणारी. ती आत्ता कुठे बघत असेल, मला कळेना. मला नुसता कोरा कागद दिसत होता.

"तो बच्चों, ये क्या है? वर्णन!" सुनीताताईंनी विचारलं आणि उत्तरही देऊन टाकलं.

"वर्णन!" वर्ग ओरडला.

मग एक बारीक आवाज आला. "दीदी, इसमें कारण नहीं लिखा है।"

"इसमें कारण नहीं होता बेटा। ये वर्णन है।"

"पर गंदे काहे रहते हैं, वो लिखना चाहिए न? हमर पारा म नल नइ हे।"

घाबरली की फुलेश्वरी छत्तीसगढीत जायची; त्यांच्या पाऱ्यात नळच नाही, असं ती सांगत होती. मागून पाहुण्यांपैकी कोणी तरी हसलं. वाईट नव्हतं ते हसू. लहान मूल बोबडं बोललं की हसतात, तसं होतं. तेच मला जास्त लागलं.

"वो लोग ऐसे ही रहते हैं," सुनीताताई म्हणाल्या. "बैठ जाओ।"

बाकाचा आवाज झाला. फुलेश्वरी बसली. मी शिकवलेला प्रश्न तिने विचारला होता आणि मी कागदाच्या आड उभी होते. मला वाटलं, आयुष्यभर मी हेच वाक्य ऐकत आलेय. ते लोक असेच. माझ्या बाबांबद्दल, आमच्या क्वार्टरच्या ओळीबद्दल, माझ्या जिभेबद्दल. नेहमी वर्णन. कारण लिहायची पाळी आली की लिहिणाऱ्याची शाई संपते.

माझे हात दुखत होते, पण चार्ट त्यामुळे खाली आला नाही. मी तो खाली आणला. टेबलावर ठेवला.

"फुलेश्वरी ठीक कह रही है," मी म्हणाले. "कारण नहीं लिखा है। छुपाया है।"

पुढे बरंच बोलायचं होतं, ते राहून गेलं. फुलेश्वरीने मान वर केली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मोठ्या बाई गोड हसून म्हणाल्या, "चलिए सर, चाय तैयार है।" सगळे उठून गेले. टाळ्या नाहीत, वाद नाही, काही नाही.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं.

"पाहुण्यांसमोर शाळेची लाज काढली तुम्ही. सुनीताची माफी मागा."

"काहून?"

इतकी वर्षं दाबून ठेवलेली माझी बोली अशी अचानक तोंडातून बाहेर पडली. मी ती परत घेतली नाही.

"काय म्हणालात?"

"माफी काहून मागू? थ्या पोरीनं बरोबर विचारलं."

"ठीक आहे. उद्यापासून पाचवी सुनीताकडे. तुम्ही पहिली घ्या. अक्षरं गिरवून घ्या, तेवढं जमेल."

पाचवी गेली. माझा बोलण्याचा एकुलता तास गेला. घरी सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले.

"अवं पोरी, मान खाली घालून नोकरी केली मी. तुले तेवढं कराले कोणतं मोठं संकट होतं?"

त्यांचा राग नव्हता, भीती होती. मला मात्र वाटत होतं की निदान या घरात तरी कोणी म्हणावं, बरं केलंस. कोणी म्हणालं नाही. मी ताट धुतलं आणि बाहेर पायरीवर जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी फुलेश्वरी व्हरांड्यात समोरून आली. तिने नमस्ते केलं नाही. मोठ्या बाईंनी तिच्या आईला बोलावून दम दिला होता, पोरीचं नाव काढून टाकू म्हणून. मी हाक मारणार होते. मारली नाही. तिचं आणखी नुकसान मला नको होतं.

पहिलीचा वर्ग जिन्याखाली, अंधारा. बारकी बारकी पोरं, कोणाचं नाक वाहतंय, कोणी आईसाठी रडतंय. शाळेतल्या सगळ्यांची खात्री होती की मी महिनाभरात राजीनामा देईन. शिपायानेही विचारलं, "मैडम, दूसरी जगह देख ली क्या?"

नाही देखली. मी खडू उचलला. फळ्यावर एक सोपं वाक्य लिहिलं, "मुन्नी रो रही है।" बोट ठेवून वाचून घेतलं. मग वळले आणि विचारलं, "क्यों रो रही है?" मी थांबले. मला घाई नव्हती.

ही पोरं एक दिवस पाचवीत जाणार आहेत. तोवर माझ्या हातून एकही वाक्य त्यांच्यापुढून 'का' विचारल्याशिवाय जाणार नाही. या वर्षीची पोरं, पुढच्या वर्षीची, त्याच्या पुढच्या वर्षीची. मी इथून हलणार नाही. त्या दिवशी पाचवीत एकच पोरगी उभी होती, म्हणून तिला बसवता आलं. आता अख्खा वर्ग उभा राहील. बसवून दाखवा.