दुपारी बाराचा परवचा

मी यादी केल्याशिवाय भाजीसुद्धा आणत नाही. तरीही आमच्या घरी राहिलेला सगळ्यात चांगला पाहुणा माझ्या हलगर्जीपणामुळे आला, हे आधीच सांगून टाकते.

तेव्हा आम्ही अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी राहत होतो. गावात बेसबॉलचा एक छोटा संघ होता. मोठ्या संघांनी निवडलेली नवी पोरं तिथे उन्हाळाभर खेळायची. जमलं तर वरच्या पायरीवर, नाही तर घरी. त्यांना राहायला यजमान कुटुंबं हवी आहेत, असा कागद किराणा दुकानाच्या दाराशी एका टेबलावर होता. मी सही करून मोकळी झाले. आमच्या मंडळात भारतातून नाटक आलं की दोन कलाकार माझ्याकडे ठरलेले असत. दोन रात्री मुक्काम, सकाळी पोहे, एकदा साग्रसंगीत जेवण, मग विमानतळावर सोडायचं. हेही तसंच, असं मी धरून चालले. जूनमध्ये एक सव्वासहा फुटी मुलगा तीन अवजड बॅगा घेऊन दारात उभा राहिला आणि त्याने फार नम्रपणे सांगितलं, की सीझन सप्टेंबरपर्यंत आहे.

"कागदाची मागची बाजू वाचली नाहीस?" नवरा म्हणाला. "चक्क तू?"

हे वाक्य तो अजून वापरतो.

मी फ्रिजवर नवी यादी लावली. मागची खोली त्याची. बर्फाच्या पिशव्यांना फ्रीझरचा खालचा कप्पा. मोजे बाहेर धुवायचे. मला काकू म्हणायचं आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाईंना आजी. मुलाने यादी दोनदा वाचली आणि तंतोतंत पाळली. मला तो तिथेच आवडला.

तो कॅचर होता. कॅचर म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाचा भाऊ; जाळीचा मुखवटा आणि पॅड घालून फलंदाजामागे उकिडवा बसणारा. फरक इतकाच, की यष्टिरक्षक येईल तो चेंडू घेतो आणि कॅचर हवा तो चेंडू मागतो. कोणता आणि कुठे, हे तो मांडीआड बोटांची खूण करून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, सांगतो. त्यासाठी समोरचा प्रत्येक फलंदाज त्याला पाठ असावा लागतो.

नेमकं तेच त्याला जमत नव्हतं. आठवड्याभरात एकदा ताट विसळताना त्याने मला सगळं सांगितलं. हात दणकट, गुडघे उत्तम, पण ऐन वेळी डोकं कोरं होतं. त्यामुळे प्रशिक्षक बाकावरून स्वतः खुणा करायचे आणि हा त्या नुसत्या पुढे पोचवायचा. सीझन संपेपर्यंत स्वतः खेळ चालवता आला नाही, तर त्याला सोडून देणार होते. घरी परतलो तर वडिलांबरोबर छपरं घालीन, म्हणाला. काम वाईट नाही. पण मला हे करायचं आहे.

सासूबाईंनी विचारलं, पोरगा एवढा हिरमुसला का? मी सांगितलं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली बाई ती. त्यांनी एका वाक्यात निदान केलं.

"पाठ होत नाही, कारण तो मनातल्या मनात वाचतो. मोठ्याने म्हणायला लाव."

म्हणजे परवचा. आमच्या लहानपणी दिवेलागणीला हातपाय धुऊन पाढे, तिथ्या, नक्षत्रं एका सुरात म्हणायची, तोच. पण दिवेलागणीला हा मैदानावर असायचा. तेव्हा सासूबाईंनी वेळ बदलून दुपारी बाराची केली. एक वाजता त्याला निघायचं असे.

कार्डं मी केली. तो संघाने दिलेल्या फाइलमधून एकेका फलंदाजाची माहिती वाचायचा, मी पाककृतींच्या कोऱ्या कार्डांवर लिहायचे. देवनागरीत, म्हणजे सासूबाईंना तपासता येईल. वर शर्टाचा नंबर, खाली त्याला चेंडू कुठे टाकायचा ते, चारच शब्दांची फिरवाफिरव: हाय, लो, इनसाइड, आउटसाइड. चाळीसेक कार्डं झाली. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात बसली.

बाराच्या ठोक्याला तो ओट्याजवळ फरशीवर उकिडवा बसायचा, कारण मैदानात तसंच बसायचं असतं. सासूबाईंना याचं भारी कौतुक. या देशात एकाला तरी खाली बसता येतं, म्हणायच्या. त्या खुर्चीत बसून नंबर पुकारायच्या, तो उत्तर द्यायचा. चुकला की पहिल्यापासून. संपेपर्यंत पोळी नाही. पोळीला तूप-साखर लावून गुंडाळी करून तो पाच-पाच खायचा, त्यामुळे शिक्षा कडक होती.

नऊ नंबरवर तो हमखास अडकायचा. अडतीस कार्डं बरोबर आणि नऊ आला की छताकडे बघायचा.

"वर काय लिहिलंय?" सासूबाई मराठीत विचारायच्या. त्याला ते बरोबर कळायचं.

"आजी, वन मोअर टाइम."

"एकदा नाही. पहिल्यापासून."

जुलै असाच गेला. तो ताटं पुसताना पुटपुटायला लागला, आणि सासूबाईही जप करावा तशा लो-आउटसाइड पुटपुटत झाडांना पाणी घालायला लागल्या. ऑगस्टमध्ये प्रशिक्षकांनी त्याला काही सामन्यांत थोडा वेळ खुणा करू दिल्या. सीझनच्या शेवटच्या रविवारी दुपारचा सामना होता. तो पूर्ण सामना त्याने चालवायचा, मग काय ते ठरवू, असं त्याला सांगितलं होतं.

मी डबे भरले. तीन टोप्या, पाणी, दडपे पोहे, सासूबाईंची शाल. ऊन रणरणत होतं, तरी शाल.

शेवटचा डाव आला. आपण एका धावेने पुढे. त्यांचे दोन बाद, तिसरा झाला की आपण जिंकलो; पण तिन्ही तळांवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या थांब्यांवर, त्यांचे खेळाडू उभे. एक बरा फटका बसला की सामना गेला. आणि फलंदाज आला तो पाठीवर नऊ घेऊन.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "अगं, हाच तो."

दोन चेंडू त्याला हुकले, तिसरा हुकला की तो बाद. एक त्याने लांब पण रेषेबाहेर मारला, आणखी एक सोडला. आमच्या मुलाने बाकाकडे मान वळवली. प्रशिक्षक हाताची घडी घालून उभे होते. त्याने खूण केली. पिचरने मान हलवली, नको. त्याने तीच खूण परत केली. पुन्हा नको. तेव्हा तो उठला, मुखवटा डोक्यावर सरकवून पिचरपर्यंत चालत गेला, काहीतरी चार शब्द बोलला आणि परत येऊन बसला.

"लो. आउटसाइड," सासूबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, उत्तर तपासावं तसं.

चेंडू खाली आणि बाहेर आला. नऊ नंबरने पूर्ण ताकदीने बॅट फिरवली, ती नुसत्या हवेतून गेली. कॅचरच्या हातमोज्यात फट्‌ असा आवाज झाला. नवरा उभा राहून ओरडायला लागला आणि त्याच्या मांडीवरचे दडपे पोहे पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांच्या टोपीवर पडले. त्यांनी चव घेऊन आणखी मागितले.

दुसऱ्या दिवशी बाराला तो स्वयंपाकघरात आला. खाली बसला नाही, सरळ सासूबाईंच्या पायांना हात लावला. हे कुणी शिकवलं कोण जाणे, माझ्या कुठल्याच यादीत नव्हतं. त्याला ठेवून घेतलं होतं.

पुढे पायऱ्या चढायला त्याला चार वर्षं लागली. मग मोठा संघ, मग त्याच संघाचा कप्तान. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "मॉनिटर झाला म्हण की."

नवऱ्याच्या कॉम्प्युटर चिपच्या कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही दूर, उबदार वाळवंटातल्या चँडलरला आलो, सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या. इथे थंडी सरताना मोठे संघ सरावाला येतात, त्यामुळे दर वर्षी त्याची एक दुपार आमची. पोळ्या पाचच.

या वर्षी तो खेळाडू म्हणून आला नाही. गुडघे संपले. आता तो नव्या कॅचरांना शिकवणार आहे, आणि त्यासाठी त्याला तो श्रीखंडाचा डबा हवा होता. पोरांना दाखवायला, म्हणाला. त्यातले फलंदाज केव्हाच खेळ सोडून गेले, आणि अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. मी डबा काढून दिला. तो सासूबाईंनी मधेच घेतला.

"मिळेल. आधी म्हण."

तो खाली बसायला गेला, अर्ध्यावर कण्हला.

"राहू दे. खुर्चीवर बस, गुडघे गेलेत तुझे," त्या म्हणाल्या आणि चष्मा लावला.

त्याने सुरुवात केली. नऊ नंबर तर डोळे मिटून म्हणाला. मग सतरा आला आणि तो छताकडे बघायला लागला.

सासूबाईंनी कार्ड उलटं ठेवलं. "पहिल्यापासून."

मी तव्याखालचा गॅस बारीक केला.