माईंचा उजवा गुडघा

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या विक्रोळीच्या चाळीत कोणाच्या अंगात येतं, कोणाला जिन्यात कोणी दिसतं… मी आपली दार लावून घेते. साप्ताहिकात असे अनुभव छापून येतात, ते दुपारी माईंना वाचून दाखवते. तेव्हाही मनात म्हणते — लोकांना उद्योग नाहीत. आता स्वतःच लिहायला बसले आहे. पाठवणार मात्र नाही. वहीतच राहील.

माई म्हणजे मुलुंडला मी ज्या घरी कामाला जाते, तिथल्या आजी. वय ब्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, त्यात बोलणं गेलं. 'हं' एवढंच म्हणतात. उजवा गुडघा आखडला तो आखडलाच. व्यायामाचे डॉक्टर स्पष्ट सांगून गेले, "सांधा पक्का धरलाय. आता सरळ व्हायचा नाही. जोर लावू नका बाई, हाड मोडेल." म्हणून मी रोज संध्याकाळी नुसतं तेल जिरवते. गुडघ्यामागे अंगठे फिरवायचे, पोटरीवरून खाली यायचं आणि शेवटी म्हणायचं, "सोडा माई, सोडा आता." पाय काही सुटत नाही. पण म्हणायची सवय लागली आहे.

गेल्या हिवाळ्यात माईंच्या नातीचं लग्न नागपूरला होतं. माईंना सांभाळायला मलाही नेलं होतं. परतीच्या विमानात माई खिडकीशी, मी मधे आणि माझ्या शेजारी बोरिवलीचे एक गृहस्थ. माईंचा मुलगा सुहासदादा नेमका माईंच्या पुढच्या सीटवर.

मुंबई आली. खाली खाडी दिसली, मग आमच्या विक्रोळीकडची झाडी. घरी माझी सोनल दहावीचा अभ्यास करत असेल, असं मनात आलं. विमान खाली आलं… आणि पुन्हा वर गेलं. असं दोनदा झालं. मग आतून आवाज आला, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. उजव्या बाजूचं चाक बाहेर येत नाही, प्रयत्न चालू आहेत, शांत बसा.

"वाट लागली," बोरिवलीवाले म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "मावशी, घाबरू नका हां. बाकीची चाकं आहेत ना."

सुहासदादा मान वळवून म्हणाला, "अहो, गप्प बसा ना. आई ऐकतेय."

"मी धीर देतोय हो. बायकोला मेसेज टाकायचाय, पण फोन लागेना. नाही लागत तेच बरं… ती विमानतळावर येऊन माझ्याशीच भांडेल."

दोनचार जण हसले. मागे एक बाई मोठ्याने रडत होती. मला रडू आलं नाही. सोनलचं कसं होईल, एवढं एकच डोक्यात होतं. तिला माझ्याशिवाय कोणी नाही.

हवाईसुंदरी येऊन सगळ्यांना चपला, चष्मे काढायला सांगून गेली. डोकं गुडघ्यात कसं घालायचं तेही दाखवलं. माईंना ते जमणार नव्हतं. मी त्यांची चप्पल काढली, चष्मा पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात माईंनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि उचलून स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. तीन वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. रोज तर तेलाची वाटी बघितली की तोंड फिरवतात.

मी रोजच्यासारखे अंगठे फिरवायला लागले. साडीवरूनच. दुसरं काय करणार होते? हाताला काम मिळालं, तेवढंच. माई माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीतून उजव्या पंखाकडे बघत होत्या. किती वेळ गेला सांगता येणार नाही. सवयीने तोंडातून निघालं, "सोडा माई, सोडा आता."

माझ्या हाताखाली गुडघा हलला. मी जोर लावला नव्हता, हे शपथेवर सांगते. पाय आपोआप लांब होत गेला आणि पुढच्या सीटखाली सरळ ताठ झाला. आणि त्याच वेळी आमच्या पायांखाली, विमानाच्या पोटात, धाडकन आवाज झाला. सगळे किंचाळले.

"कोण पाय मारतंय मागून?" सुहासदादा पुढून ओरडला.

"आजींनी पाय ताणलाय, साहेब," बोरिवलीवाले म्हणाले. "ताणू द्या की. म्हातारं माणूस आहे." त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! त्या आरडाओरड्यात सुहासदादाला ते ऐकू गेलं नसावं, आणि तेवढ्यात आतून आवाज आला — चाक उतरलं आहे. लोक टाळ्या वाजवायला लागले.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात माईंच्या गुडघ्यावर घट्ट धरून बसले. विमान टेकलं, धावलं, थांबलं. तेव्हा हात काढले. पाय हळूहळू मागे आला आणि होता तसा दुमडून बसला.

मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर आधी हेच विचारलं असतं, की तू आईचा पाय ओढलास का? काम गेलं असतं. पुढच्याच आठवड्यात गुडघ्याचा नेहमीचा एक्स-रे काढायचा होता. मी श्वास रोखून उभी. डॉक्टर म्हणाले, "आहे तसंच आहे. सांधा घट्ट."

चाकाचं मी समजू शकते. वैमानिकाने काहीतरी खटपट केली असेल, नाहीतर ते आपल्या वजनाने पडलं असेल. त्याचं कारण शोधायला शिकलेली माणसं आहेत. गुडघ्याचं कोणाला विचारू? अजून रोज तेल लावते, अजून रोज म्हणते. पाय तसूभरही हललेला नाही.

घरी पाहुणे आले की सुहासदादा ती गोष्ट रंगवून सांगतो. शेवट ठरलेला. "आणि गंमत ऐका. आम्ही मरायला टेकलोय आणि मागचा माणूस माझ्या सीटला लाथा मारतोय!" पाहुणे हसतात. मी चहाचे कप गोळा करत असते. मागे त्याची आईच बसली होती, हे त्याच्या कधी डोक्यात येत नाही. कसं येईल?

मी माईंकडे बघते. माई माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "हं."