मास्तरांच्या विमानाचा बिघाड

तिला सगळे ताईच म्हणत, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल होतं, टेबलावर भिंग बसवलेला दिवा, सोल्डर गन आणि वायरींचे तुकडे भरलेल्या काचेच्या बरण्या. लाल वायर लाल झाकणाच्या बरणीत, काळी काळ्या झाकणाच्या. शहरातली जी काही हौशी मंडळी रिमोटवर उडणारी छोटी विमानं उडवत, त्यांच्या विमानाची मोटर रुसली की ती हा जिना चढून येत.

अशा विमानात बॅटरी असते, मोटर असते आणि दोघींच्या मध्ये काड्यापेटीएवढा एक तुकडा असतो. त्याला म्हणतात स्पीड कंट्रोलर. खाली उभ्या माणसानं रिमोटची दांडी जितकी पुढे ढकलली, तितकीच वीज मोटरकडे सोडायची, हे त्याचं काम. ताईचे वडील म्हणायचे, "बॅटरी म्हणजे आई, मोटर म्हणजे बायको, आणि हा मधला नवरा. दोन्हीकडून तापतो तो हाच."

विमानांचा नाद मुळात वडिलांचा. ताई तेव्हा रेडिओच्या कारखान्यात वायरींना सोल्डरचे डाग द्यायच्या कामावर होती. घरी आली की बाबांच्या विमानातल्या वायरीही तीच जोडायची. आई लवकर गेली होती. दादा शिकून दुसऱ्या शहरात गेला आणि तिकडचाच झाला. ताईला स्थळं येत होती, चहा पिऊन जात होती. मग बाबांचं दुखणं सुरू झालं आणि लग्नाचा विषय कुणी काढेनासं झालं. पुढे कारखाना बंद पडला, पाठोपाठ बाबाही गेले. राहिलं ते खिडकीजवळचं टेबल. बाबांचे दोस्त आपापले कंट्रोलर घेऊन आधी सांत्वनाला म्हणून आले आणि नंतर नुसतेच कंट्रोलर घेऊन येऊ लागले.

ताईच्या हाताला यश होतं. मोटर नुसती थरथरते आणि फिरत नाही म्हटलं, की ती मोटरच्या तीन वायरींतली कुठली सुटलीय ते बोटानं चाचपून सांगायची. पण गिऱ्हाईक काही बसायला येत नाही. दारातच पिशवी द्यायची, "ताई, बघा जरा," म्हणायचं आणि सुटायचं. एखाद्या दिवशी तिच्या तोंडून निघालेले शब्द मोजले असते तर वहीचं पान भरलं नसतं. दुपारी ती रेडिओ लावायची तो ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी.

मास्तर पहिल्यांदा आले ते हिवाळा संपता संपता. उंच, थोडे वाकलेले, चष्म्याला दोरी. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा लांब नोकरीला, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून विमान घेतलं. एवढं सगळं त्यांनी जिन्यावरची धाप ओसरायच्या आत सांगून टाकलं.

"जन्मभर पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलं," ते म्हणाले, "आणि माझं स्वतःचं विमान काही सरळ जाईना."

बिघाड साधा होता. डाग कच्चा राहिला होता. वरून चकचकीत, आतून पोकळ. "ठेवून जा, उद्या देते," असं ताई म्हणणार, तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "मी बसलो तर चालेल?"

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं स्टुलावरचा वायरींचा ढीग उचलून खाली ठेवला.

पुढच्या रविवारी ते पुन्हा हजर. विमान वर जातं, पण थोड्याच वेळात मोटर बंद. तरंगत तरंगत खाली आणावं लागतं. ताईनं पाहिलं, तर बॅटरी किती उतरल्यावर मोटर थांबवायची ती मर्यादा फार वर लावलेली होती. बॅटरी अर्धी असतानाच कंट्रोलरला ती संपलीशी वाटत होती. ताईनं मर्यादा खाली आणली. मास्तर तासभर बसले. शाळेतले किस्से झाले. एका पोरानं गायीला पाच पाय काढले होते. विचारलं तर म्हणाला, "सर, एक पाय पुसायचा राहिला." ताई हसली, आणि आपलंच हसणं खोलीत जरा मोठं वाटलं तशी थांबली.

त्याच्या पुढच्या रविवारी रिमोटची दांडी निम्मी पुढे गेली तरी मोटर ढिम्म. त्याच्याही पुढे पंखा थांबवणारा ब्रेक नको तिथे लागलेला. दर वेळी ताई सगळं नीट लावून, मोटर फिरवून, खात्री करून विमान हातात द्यायची, आणि दर वेळी ते परत यायचं.

आता ताई रविवारी सकाळीच टेबल आवरू लागली. बाजारातून तिनं आणखी एक कप आणला. एकाच कपाचं दुकानदाराला नवल वाटलं. "सेट घ्या की," म्हणाला. "एकच पुरे," ती म्हणाली. स्टुलावर जुन्या चादरीची घडी आली. मास्तरांना बिनसाखरेचा चहा लागतो, हे तिला न विचारता आठवू लागलं.

पण आतून तिला एक काळजी पोखरत होती. बाकी सगळ्यांची विमानं दुरुस्त होऊन जात, ती जातच. मग हे एकच परत का यावं? हात चुकत असेल का? नजर चुकत असेल का? कारखान्यात असताना एक बाई होती, तिचे डोळे गेले आणि तिला कळायच्या आधी ते सगळ्या कारखान्याला कळलं होतं. ताई गुपचूप डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला हात धरायला कुणी नाही म्हणून ती बराच वेळ एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. समोरून माणसं पांढऱ्या डागांसारखी जात होती. चष्म्याचा नंबर बदलला होता, पण थोडासाच.

नवा चष्मा लावून तिनं मास्तरांचा कंट्रोलर पुन्हा समोर घेतला. या वेळी ते विमान ठेवून गेले होते, कारण त्यांना कुठेतरी घाईनं जायचं होतं. सेटिंग वाचायचं एक छोटं कार्ड असतं, वर बारीक दिवे असलेलं. ते जोडून तिनं एकेक ओळ पाहिली. एकच गोष्ट बदललेली होती. बाकी सगळं तिनं लावलं होतं तसंच.

ती खुर्चीत मागे टेकली. कंट्रोलरची स्मरणशक्ती गेली, तर तो कारखान्यातून निघाला तसा होतो, सगळंच्या सगळं विसरतो. निवडून एकच गोष्ट विसरणारा कंट्रोलर तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. शिवाय दर वेळी जे बदललं होतं, ते विमान खाली पाडणारं कधीच नव्हतं. सगळे बिघाड कसे सभ्य, तरंगत खाली आणणारे. रिमोटची दांडी वर धरून बॅटरी जोडायची, पिपाण्यांसारखे आवाज मोजायचे आणि योग्य आवाजाला दांडी खाली ओढायची, म्हणजे सेटिंग बदलतं. पुस्तक वाचून कुणालाही जमतं. पण कुणीतरी बसून, मन लावून करावं लागतं.

पाणी कुठं मुरतंय ते तिला कळलं.

रविवारी मास्तर आले. तिनं चहा ठेवला, दोन्ही कप भरले आणि मग म्हणाली, "मास्तर, हे आपोआप बदलत नाही."

त्यांनी कप उचलला होता, तो तसाच खाली ठेवला.

"कुणीतरी बदलतं," ती म्हणाली.

"हो," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "पहिल्यांदा खरंच बिघडलं होतं. दुसऱ्यांदा मला यायचं होतं, आणि यायला काही कारण नव्हतं. नुसतं कसं यायचं? लोक काय म्हणतील, तुम्ही काय म्हणाल. विमान हातात असलं की जिना चढता येतो."

"मी डोळे तपासून आले," ताई म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं.

"मला वाटलं माझे हात गेले. हातांवर तर जगते मी. दुसरं काय आहे माझ्याकडे? एकदा विचारायचं तरी होतं."

तिचा आवाज चढला नव्हता, पण मास्तरांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी माफी मागितली, नीट, शब्द न गिळता. मग विमान काखेत धरून ते जिना उतरले. चहावर साय धरली. ताईनं तो ओतून दिला आणि कप धुऊन पालथा घातला.

पुढच्या रविवारी मास्तर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

ताईला राग होता, खराच होता. पण राग एकटीनं किती दिवस करणार? रुसायलाही समोर माणूस लागतो. हळूहळू राग विरला आणि खाली जे उरलं ते जास्त जड होतं. घर खायला उठायचं. आधीही ते तसंच होतं, पण आधी तिला ते माहीत नव्हतं. माणसानं एकदा दुसऱ्या कपाची सवय लावून घेतली की पहिला कपही नीट लागत नाही.

दादाचा फोन आला. "किती दिवस एकटी राहणार? इकडे ये. तुझी वहिनीसुद्धा म्हणते, मागची खोली रिकामीच आहे."

मागून वहिनीचा आवाज आला, "रिकामी कुठंय, कपाटं आहेत त्यात."

"कपाटं सरकवू," दादा म्हणाला.

"बघते," ताई म्हणाली. ती नेहमी हेच म्हणायची.

शेवटी एका रविवारी तिनं दाराला कुलूप लावलं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाणारी बस धरली. शहराबाहेर विमानं उडवायचं मोठं मैदान होतं. बाबा गेल्यापासून ती तिकडे फिरकली नव्हती. तारेचं कुंपण, वाळलेलं गवत, आणि लांब दुसऱ्या टोकाला चार-पाच जण मिळून मोठ्यानं हसत होते. मास्तर त्यांच्यात नव्हते. ते अलीकडे, घडीच्या खुर्चीवर, एकटे बसले होते आणि त्यांचं विमान आभाळात गोल गोल फिरत होतं. मोटरचा आवाज एकसारखा होता. कुठेही अडखळत नव्हता.

ताई येऊन शेजारी उभी राहिली. विमान वर असताना मान वळवता येत नाही, म्हणून मास्तरांनी ते आधी खाली उतरवलं. उतरवलं चांगलं.

"नीट चालतंय," ती म्हणाली.

"तुम्ही दुरुस्त केलेलं आहे. चालणारच."

"मग रविवारी या की. रिकाम्या हातानं या. जिना तोच आहे."

मास्तर हसले नाहीत. "उशीर झाला, ताई. मुलगा पुढच्या महिन्यात न्यायला येतोय. मागच्या आठवड्यात मी हो म्हणून बसलो. इथं राहायला तसं काही कारण नाही, असं वाटलं तेव्हा."

वारा गवतातून गेला. हो म्हणायच्या आधी ती आली असती तर, हे दोघांच्याही मनात आलं असावं, पण ते कुणी ओठांवर आणलं नाही.

"तुम्ही कधी उडवलंय?" मास्तरांनी एकदम विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी कधी दिलं नाही, मीही मागितलं नाही. माझं काम टेबलापर्यंत."

मास्तर उठले आणि त्यांनी रिमोट तिच्या हातात दिला.

मग उरलेले रविवार दोघं मैदानावरच भेटली. मास्तर शाळेत शिकवायचे तसे शिकवत. ओरडायचे नाहीत, फक्त "हळू, हळू, रेघ मारतोय आपण," असं म्हणत राहायचे. विमान आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, ते ताईला काही केल्या समजेना. एकदा ते सरळ कुंपणापलीकडच्या काटेरी झुडपात गेलं. दोघांनी मिळून काढलं, दोघांचे हात ओरबाडले. मास्तर म्हणाले, "गायीला पाचवा पाय फुटला बघा." ताई इतकी हसली की लांबचे ते चार-पाच जण वळून बघू लागले. या वेळी तिनं हसू आवरलं नाही.

मुलगा आला, सामान बांधलं गेलं. निरोपाला येऊ नका, असं मास्तरांनीच सांगितलं. विमान मात्र ते आदल्या दिवशी स्वतः जिना चढून देऊन गेले. नव्या घराजवळ उडवायला जागाच नव्हती. त्या दिवशी ते बसले नाहीत. खाली मुलगा गाडीत थांबला होता.

सुरुवातीला फोन यायचे. तिकडच्या बागेचं, गुडघ्यांचं, नातवाला चित्र काढायचा कंटाळा असल्याचं बोलायचे. मग दोन फोनांमधलं अंतर वाढत गेलं. ताईनंही सारखा फोन केला नाही. दुसऱ्याच्या घरात वाजणाऱ्या फोनला पाच जणांचे कान असतात, हे तिला ठाऊक होतं.

दादाला तिनं या वेळी "बघते" म्हटलं नाही. "नाही येत," असं सांगितलं. का, ते तिला नीट सांगता आलं नाही, आणि दादानंही फार ताणलं नाही.

रविवारी सकाळी ती शेवटच्या थांब्याची बस धरते. विमान मांडीवर, पंख वेगळे काढून कापडात गुंडाळलेले. मैदानावरचे लोक "ताई, आलात का?" म्हणतात आणि आपापल्या विमानात गुंततात. ती अलीकडच्या टोकाला उभी राहते. वळण आता जमतं. उतरवणं मात्र अजून जमत नाही, विमान दर वेळी फार लांब जाऊन गवतात टेकतं. मग ती रिमोट गळ्यात अडकवते आणि ते आणायला चालत निघते. अंतर बरंच असतं, आणि ती सावकाश चालते.